कोठार, कुरण आणि कलादालन : पेरी ग्रीन येथील हेन्री मूर शिल्पसंग्रहाचा अभ्यास

प्रस्तावना

कलासंग्रहालय म्हटले की महानगरातील भव्य दगडी इमारत, पांढऱ्या भिंती, नियंत्रित प्रकाश आणि काचेआड ठेवलेल्या वस्तू असे चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. कलाकृती आणि तिचा प्रेक्षक यांच्यातील नाते अशा वास्तूत शिस्तबद्ध होते, हे खरे. परंतु ती कलाकृती ज्या मातीत, ज्या उजेडात आणि ज्या श्रमातून निर्माण झाली त्यांच्याशी असलेला तिचा संबंध तेथे बहुधा तुटलेला असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील काही ग्रामीण स्थळांनी याला वेगळे उत्तर शोधले. जुनी धान्य-कोठारे, गोठे आणि कुरणे यांनाच त्यांनी कलेचे घर केले. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात, लंडनच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर असलेले पेरी ग्रीन हे खेडे त्याचे एक ठळक उदाहरण होय. शिल्पकार हेन्री मूर (१८९८–१९८६) यांनी आयुष्याची शेवटची ४६ वर्षे येथे काढली. त्यांचे घर, कार्यशाळा, बागा आणि मेंढ्यांचे कुरण यांसह एक सोळाव्या शतकातील लाकडी कोठारही येथे अभ्यागतांना पाहता येते.

प्रस्तुत लेखात या स्थळाचा परिचय करून देताना तीन प्रश्नांचा विचार करण्यात आला आहे. शेतीच्या उपयोगातून बाद झालेली वास्तू कलेसाठी वापरताना तिचे काय टिकते आणि काय हरवते? शिल्प उघड्या कुरणात ठेवल्याने त्याच्या अर्थात कोणता फरक पडतो? आणि अशा खुलेपणाची किंमत किती असते? लेखाच्या अखेरीस सातारा जिल्ह्यातील औंध येथील संग्रहालयाचा उल्लेख केला आहे, कारण मूर यांचे एक शिल्प तेथेही आहे.

१. इंग्रजी कोठार : रचना आणि कार्य

इंग्लंडमधील ‘बार्न’ या वास्तूस मराठीत कोठार म्हणण्याचा प्रघात असला तरी त्या शब्दाने तिचे पूर्ण कार्य व्यक्त होत नाही. आपल्याकडे धान्य साठविण्याची जागा आणि मळणीची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धान्य कणगीत, पेवात किंवा बळदात राहते. मळणी मात्र उघड्या खळ्यावर होते. सुगीनंतरचे महिने कोरडे असल्यामुळे खळ्याला छपराची गरज पडत नाही. इंग्लंडमध्ये पावसाला असा ठरलेला हंगाम नाही. कापणी झालेले पीक पेंढ्यांसह आत आणून रचले जाई आणि हिवाळाभर थोडे थोडे मळले जाई. त्यामुळे खळ्यालाच छप्पर द्यावे लागले. ‘बार्न’ म्हणजे खळे आणि कोठार एकाच छपराखाली आणणारी वास्तू होय.

तिची रचनाही या कामावरूनच ठरली. लांबट इमारतीच्या मध्यभागी समोरासमोर दोन मोठे दरवाजे असत. भरलेली गाडी एका दरवाजाने आत येई व रिकामी होऊन दुसऱ्याने बाहेर पडे. या दोन दरवाजांमधील जमीन म्हणजे खळे. तेथे दोन दांडकी चामड्याने जोडून केलेल्या साधनाने कणसे बडवीत आणि दोन्ही दरवाजे उघडून आरपार येणाऱ्या वाऱ्यावर धान्य उफणीत. पेरी ग्रीन येथील कोठार ‘आइल्ड बार्न’ या प्रकारातील आहे. यात लाकडी खांबांच्या दोन रांगा असतात. मधला भाग उंच आणि दोन्ही बाजूंचे भाग उतरत्या छपराखाली बुटके असतात. माजघर आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या पडव्या मिळून जो आडवा छेद तयार होतो, त्याच्याशी या रचनेचे साम्य सहज लक्षात येईल. छपराचा भार तुळया व खांबांवर असतो. बाहेरच्या भिंती केवळ आडोसा देतात. एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून वरून लाकडी खुंटी ठोकली की सांधा पक्का होतो. सांगाडा जोडताना कोणते लाकूड कोठे बसवावयाचे हे कळावे म्हणून सुतार लाकडांवर खुणा कोरीत असत.

अशा सांध्यांमुळेच ही वास्तू सुटी करता येते. पेरी ग्रीनमधील कोठार मुळात तेथील नव्हे. हर्टफर्डशायरमधीलच एका शेतावरील ही वास्तू सुटी करून आणण्यात आली आणि १९८० च्या सुमारास मूर यांच्या जागेत पुन्हा उभारण्यात आली. मळणीयंत्रे आल्यानंतर आणि पुढे एकाच वेळी कापणी व मळणी करणारी मोठी यंत्रे शेतात उतरल्यानंतर अशी कोठारे निरुपयोगी ठरत गेली. काही पडली, काहींचे रूपांतर राहत्या घरांत झाले. घर करावयाचे म्हणजे मधली उंच पोकळी मजल्यांनी आणि भिंतींनी तोडावी लागते. कलादालन केल्यास ती पोकळी अखंड राहू शकते. जुन्या कोठारांच्या जतनात कलादालनाचा पर्याय महत्त्वाचा ठरतो, त्याचे हे वास्तुशास्त्रीय कारण आहे.

२. पेरी ग्रीन : कलावंताचे गाव की कामाची जागा?

यॉर्कशायरमधील कॅसलफर्ड या खाणगावी एका खाणकामगाराच्या कुटुंबात मूर यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाल्यावर १९४० साली त्यांच्या हॅम्पस्टेड येथील राहत्या जागेचे नुकसान झाले आणि ते पत्नी इरिना यांच्यासह पेरी ग्रीन येथील ‘हॉगलँड्स’ या जुन्या शेतघरात राहावयास आले. भुयारी रेल्वेच्या फलाटांवर रात्र काढणाऱ्या लंडनवासीयांची त्यांची सुप्रसिद्ध रेखाटने याच काळातील आहेत. शहरात जाऊन पाहावयाचे आणि परत येऊन खेड्यात रेखाटावयाचे, असा तो क्रम होता.

युद्ध संपल्यावरही मूर परतले नाहीत. कामाचा व्याप वाढेल तशी शेजारची जमीन आणि जुन्या इमारती ते घेत गेले. आज हा परिसर सुमारे ७० एकरांचा आहे. १९७७ साली स्थापन झालेल्या हेन्री मूर फाउंडेशनकडे त्याची व्यवस्था असून हॉगलँड्स हे घर २००७ पासून अभ्यागतांना पाहता येऊ लागले. घराच्या आणि कार्यशाळांच्या मांडणीत शंख, गारगोट्या, हाडे आणि झाडांची मुळे यांना मानाचे स्थान आहे. जीवशास्त्रज्ञ जूलियन हक्स्ली आणि त्यांच्या पत्नी यांच्याकडून भेट मिळालेल्या हत्तीच्या कवटीवरून मूर यांनी १९६९–७० मध्ये एक संपूर्ण मुद्राचित्रमालिका केली.

तथापि हे स्थळ म्हणजे निवांत ग्रामजीवनाचे स्वप्नचित्र होते, असे मानणे चुकीचे ठरेल. येथे सहायकांची वर्दळ असे. पुढे स्वतंत्र कीर्ती मिळविणारे अँथनी कॅरो हे त्यांपैकी एक होत. ‘बोर्न मॅकेट स्टुडिओ’ या छोट्या कार्यशाळेत तळहातावर मावतील अशी प्लास्टरची लहान प्रतिरूपे आजही मांडलेली दिसतात. कुरणात सापडलेल्या गारगोटीला किंवा हाडाला थोडे प्लास्टर जोडून त्यांची सुरुवात होई. त्यातून निवडलेले प्रतिरूप आधी मध्यम आकारात आणि मग पूर्ण आकारात वाढविले जाई. पूर्णाकृती घडविण्यासाठी उत्तरकाळात हलक्या पॉलिस्टायरीनचे ठोकळे कापले जात. त्यानंतर ती आकृती तुकड्यांत ओतशाळेकडे जाई. बर्लिनमधील नोआक यांची ओतशाळा त्यांपैकी महत्त्वाची. तेथे ब्राँझमध्ये ओतलेले भाग जोडून, घासून पूर्ण केले जात. तरुणपणी दगडात थेट कोरण्याचा आग्रह धरणाऱ्या मूर यांच्या या नंतरच्या पद्धतीवर टीकाही झाली. परंतु अभ्यागताच्या दृष्टीने पेरी ग्रीनचे मोल येथेच आहे. अंतिम शिल्प जगातील अनेक शहरांत पाहता येते. ते कोणत्या पायऱ्यांनी तयार झाले हे त्या पायऱ्यांच्या जागेवरच कळते.

३. कोठाराच्या आत : लोकरीची चित्रे

शिल्पकाराच्या परिसरातील या कोठारात अभ्यागतास प्रथम भेटतात त्या टॅपेस्ट्री, म्हणजे लोकरीत विणलेली मोठी भित्तिचित्रे. १९७६ पासून ससेक्समधील वेस्ट डीन महाविद्यालयाच्या विणकरांनी मूर यांच्या रेखाटनांवरून ती विणली. माता आणि मूल, बसलेल्या व पहुडलेल्या स्त्रिया असे मूर यांचे आयुष्यभराचे विषय त्यांत आढळतात.

या कामातील अडचण समजून घेण्यासारखी आहे. मूळ रेखाटन अनेकदा हातभर कागदावरचे असे. त्यात मेणखडूवरून फिरविलेला जलरंग मेणाला न चिकटता ओघळलेला असे. कागदावर एका क्षणात घडलेला हा अपघात विणकराला आडव्या-उभ्या धाग्यांत, इंचाइंचाने, महिनोन्महिने बसून पुन्हा घडवावा लागे. त्यासाठी रंगांच्या असंख्य छटांचे धागे जुळवावे लागत. महाराष्ट्रातील वाचकास याची कल्पना पैठणीच्या पदरावरून येईल. पदरावरील मोर किंवा कमळ वेगवेगळ्या रंगांचे धागे हाताने गुंफून घडविले जाते. नक्षी कापडावर चढविलेली नसते, तीच कापड असते. टॅपेस्ट्रीचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की पैठणीचा विणकर परंपरेने ठरलेला आकृतिबंध विणतो, तर वेस्ट डीनच्या विणकराला दुसऱ्या माणसाच्या हाताची चंचलता विणावयाची होती. अशा विणकामास केवळ नक्कल म्हणता येणार नाही. ते एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात केलेले भाषांतर आहे.

कोठार या कलाकृतींना मानवते, याची दोन कारणे सांगता येतील. पहिले व्यावहारिक आहे. लोकरीचे रंग प्रकाशाने विटतात. धान्य साठविण्याच्या इमारतीस मोठ्या खिडक्यांची गरज नसे. तिचा मूळ स्वभावच अंधुक उजेडाचा असतो. दुसरे कारण प्रमाणाचे. टॅपेस्ट्री एरवीच्या खोलीत भिंत व्यापून टाकते. पेंढ्या छतापर्यंत रचण्यासाठी ठेवलेल्या उंचीत ती आपल्या मापाने राहते. खांब, तुळया आणि लोकर या साऱ्यांवर हाताच्या कामाची खूण आहे. त्यामुळे सोळाव्या शतकातील सुतार आणि विसाव्या शतकातील विणकर एका छपराखाली परके वाटत नाहीत.

परंतु एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. मूळ जागेवरून हलविलेले कोठार ऐतिहासिक म्हणावे काय? कोणत्या शेतासाठी, कोणत्या वाऱ्याच्या दिशेने ते उभारले गेले, हा त्याचा इतिहास जागेबरोबर मागे राहिला. याच्या नेमकी उलट घटना इंग्लंडमध्येच घडलेली आहे. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले कलावंत कुर्त श्विटर्स यांनी १९४७ साली लेक डिस्ट्रिक्टमधील एल्टरवॉटर येथील एका साध्या दगडी कोठारात ‘मर्झ बार्न’ ही भिंतीवर उभारलेली कलाकृती सुरू केली. जानेवारी १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा एकच भिंत आकारास आली होती. पडझडीच्या भीतीने ती भिंतच १९६५ साली काढून न्यूकॅसल येथील हॅटन गॅलरीत नेण्यात आली. तेथे कला वाचली, पण कोठार रिकामे झाले. पेरी ग्रीनमध्ये कोठार वाचले, पण त्याचे शेत सुटले. दोन्ही ठिकाणी जतन झाले आणि दोन्ही ठिकाणी काही तुटलेही. जतन म्हणजे काहीच न गमावणे असे नसते. काय गमावावयाचे याचा तो विचारपूर्वक केलेला निर्णय असतो, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

४. कुरणातील शिल्पे आणि मेंढीचे माप

कोठारातून बाहेर पडल्यावर पायवाटा शिल्पांकडे जातात. ‘द आर्च’, ‘डबल ओव्हल’ यांसारखी मोठी शिल्पे गवतावर, झाडांच्या सावलीत आणि कुंपणांच्या पलीकडे उभी आहेत. ती एका दृष्टिक्षेपात संपत नाहीत. अभ्यागत चालतो तसतशा त्यांच्यातील पोकळ्या उघडतात, मिटतात आणि त्या पोकळ्यांतून आकाश, झाड किंवा दुसरे शिल्प दिसू लागते. शिल्पातील छिद्र म्हणजे वगळलेला भाग नसून तोही आकारच आहे, ही मूर यांची भूमिका येथे स्पष्टीकरणाशिवाय कळते. दालनात छिद्रातून केवळ समोरची भिंत दिसते. कुरणात त्यातून ऋतू दिसतो.

शेजारच्या शेतकऱ्याच्या मेंढ्या या कुरणात चरत. १९७२ साली फ्लॉरेन्स येथील भव्य प्रदर्शनासाठी शिल्पे बांधून पाठविण्याची धांदल सुरू असताना मूर एका छोट्या कार्यशाळेत जाऊन बसत. तेथील खिडकीतून दिसणाऱ्या मेंढ्या ते बॉलपेनने रेखाटू लागले. आधी लोकरीचे आकारहीन गोळे वाटणाऱ्या या प्राण्यांत त्यांना पुढे हाडे, चाल आणि आई-पिलाचे नाते दिसू लागले. त्यातून ‘शीप स्केचबुक’ तयार झाले. त्याच सुमारास घडलेले ‘शीप पीस’ (१९७१–७२) हे पाच मीटरांहून उंच ब्राँझशिल्प कुरणातच उभे आहे. एक मोठी आकृती आणि तिला बिलगलेली दुसरी, एवढीच त्याची मांडणी आहे. मेंढ्या त्याच्या आडोशाला बसतात, त्याला अंग घासतात.

मोकळ्या भूमीवरील शिल्पासाठी मेंढी हे योग्य मापाचे जनावर आहे, असे मूर यांचे मत होते. घोडा किंवा गाय शेजारी असल्यास शिल्पाची भव्यता कमी भासते. हे निरीक्षण वरवर विनोदी वाटले तरी कलाशिक्षणाच्या दृष्टीने ते मोलाचे आहे. शिल्पाची भव्यता केवळ मीटरांत मोजता येत नाही. शेजारी काय आहे यावर ती ठरते. त्यामुळे एकच शिल्प शहरातील उंच इमारतीसमोर लहान आणि कुरणात विशाल वाटू शकते.

५. खुलेपणाची किंमत

उघड्यावरील शिल्पाला स्पर्श करता येतो, त्याच्यावर ऊन-पाऊस पडतो, ब्राँझचा रंग बदलतो. हे सारे त्याच्या जगण्याचा भाग मानता येईल. परंतु उघड्यावर असण्याची दुसरी बाजूही पेरी ग्रीनने अनुभवली आहे. डिसेंबर २००५ मध्ये मूर यांचे ‘रिक्लाइनिंग फिगर’ (१९६९–७०) हे सुमारे २.१ टन वजनाचे ब्राँझशिल्प चोरट्यांनी क्रेन असलेल्या ट्रकवर चढवून या परिसरातून पळविले. त्याची किंमत ३० लाख पौंड सांगितली जात होती. ते पुन्हा मिळाले नाही. ते तोडून, वितळवून भंगार म्हणून विकले गेले असावे, असा निष्कर्ष पोलिसांनी २००९ साली मांडला. भंगाराच्या भावाने त्याचे मोल सुमारे १,५०० पौंडांहून अधिक झाले नसते. २०१२ साली ‘सनडायल’ या शिल्पाचे लहान प्रतिरूपही चोरीस गेले. भंगारवाल्याला ते सुमारे ४६ पौंडांस विकण्यात आले होते. ते मात्र परत मिळाले.

या घटना केवळ गुन्ह्याच्या बातम्या म्हणून वाचावयाच्या नाहीत. कलावस्तूचे मोल धातूत नसते, ते समाजाच्या मान्यतेत असते. ती मान्यता जिच्यापाशी नाही अशा नजरेला शिल्प म्हणजे दोन टन ब्राँझ असते. पहारा, कॅमेरे आणि कुंपणे यांनी चोरी कठीण होते. परंतु कुंपण जितके उंच तितके कुरणाचे संग्रहालय होत जाते. खुल्या शिल्पस्थळाच्या व्यवस्थापनातील हा पेच कायमचा आहे आणि त्याचे एकच उत्तर नाही. परिसरातील लोकांना ती वस्तू आपली वाटणे हे संरक्षणाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मिळ साधन होय.

६. औंधशी असलेला सांधा

पेरी ग्रीनची ही चर्चा महाराष्ट्रापासून दूरची वाटण्याचे कारण नाही. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध येथे, यमाई देवीच्या डोंगरावर, औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली श्री भवानी चित्रसंग्रहालय उभारले. भवानराव स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्मा, धुरंधर आदींच्या चित्रांसह हेन्री मूर यांचे ‘माता आणि मूल’ हे पाषाणशिल्प या संग्रहात आहे. मूर यांच्या आयुष्यभराच्या विषयावरील एक कृती अशा रीतीने माणदेशाच्या सीमेवरील एका छोट्या गावात आलेली आहे.

दोन्ही स्थळांतील फरक अर्थातच मोठे आहेत. पेरी ग्रीन हे निर्मितीचे स्थळ आहे, औंध हे संग्रहाचे. एका ठिकाणी कलावंताने स्वतःचे काम जपण्याची व्यवस्था केली, दुसऱ्या ठिकाणी एका संस्थानिकाने प्रजेसाठी जगातील कला गावात आणली. परंतु दोहोंमागील विचार एकाच दिशेचा आहे. उत्तम कला पाहण्यासाठी राजधानीतच गेले पाहिजे, हे गृहीतक दोघांनीही नाकारले. औंधच्या देवीला जाणाऱ्या भाविकाच्या वाटेवर मूर यांचे शिल्प आहे. त्या भाविकाने ते थांबून पाहावे, त्यातील आई आणि मूल ओळखावे यासाठी काय करता येईल, हा प्रश्न पेरी ग्रीनच्या मेंढ्यांइतकाच खरा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे निष्पन्न होतात. पहिला, जुन्या कृषिवास्तूंचे कलादालनात रूपांतर करताना त्यांची मूळ पोकळी, उजेड आणि सांगाडा कायम ठेवल्यास वास्तू आणि कला दोघींचाही अर्थ टिकतो. स्थलांतर करावे लागल्यास काय गमावले याची स्पष्ट नोंद अभ्यागतांसमोर असली पाहिजे. दुसरा, कलाकृती तिच्या निर्मितीच्या परिसरात पाहिल्याने केवळ माहिती वाढत नाही, तर आकार, माप आणि पोकळी यांची जाण वाढते. तिसरा, खुल्या प्रदर्शनाचे संरक्षण हा केवळ बंदोबस्ताचा नव्हे, तर लोकशिक्षणाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात वापरात नसलेले वाडे, गोठे आणि धान्याची कोठारे यांची संख्या गावोगावी वाढत आहे. त्यांपैकी प्रत्येकाचे कलादालन होणार नाही आणि व्हावे असेही नाही. तथापि एखादी वास्तू पाडण्यापूर्वी तिची मोजमापे घेणे, सांध्यांची रेखाटने करणे आणि ती वापरणाऱ्या वृद्धांच्या आठवणी नोंदविणे एवढे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या इतिहास, मराठी किंवा समाजशास्त्र विभागास विद्यार्थ्यांकडून करून घेता येण्यासारखे आहे. त्याचबरोबर पश्चिम महाराष्ट्रातील महाविद्यालयांनी आपल्या वार्षिक सहलीत औंधच्या संग्रहालयाचा समावेश केल्यास, इंग्लंडमधील कुरणात न जाताही मूर यांच्या कलेतील आई आणि मूल विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.